चुना लावणारी बाई

माझ्या ताईला आमचं सगळं उपनगर ‘चुनेवाली’ म्हणतं. काही टवाळ ‘चुना लावणारी बाई’ म्हणतात आणि आपणच काय तो मोठा विनोद केल्यासारखे खिदळतात. पूर्वी मीही हसायचे. सख्खी धाकटी बहीण मी. ती खाली राहते, मी वर. तिला चिडवायचा पहिला हक्क माझाच. वाचनालयाचं पुस्तक एक दिवस उशिरा परत केलं म्हणून जी आठवडाभर चुटपुटत राहते, तिने म्हणे लोकांना चुना लावला. आता मात्र हे नाव कुणी माझ्यासमोर घेतलं तर मी त्याची गय करत नाही. परवा किराणा दुकानात एकाला चार शब्द सुनावूनच आले.

ताईची सगळी नोकरी छापखान्यात गेली. छापायला जायच्या आधीचा मजकूर तिच्या टेबलावर यायचा. चूक दिसली की ती लाल पेन्सिलीने तिच्याभोवती गोल करायची. मग कागद खालच्या मजल्यावर जायचा आणि खालची माणसं गोल केलेलं तेवढं दुरुस्त करायची, बाकीच्या मजकुराकडे ढुंकूनही बघायची नाहीत. ताईने गोल केला नाही म्हणजे ते बरोबर. तिथला रिवाजच तो. घरीसुद्धा तिची पेन्सिल कानामागे असायची. माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर तिने तीन गोल केले होते आणि सासरच्यांनी ते अजून मनातून काढलेलं नाही. स्वतः तिने लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती.

निवृत्त झाल्यावर माणसं झोपा काढतात, गुडघे कुरवाळतात. ताईने माळ्यावरची काळी सायकल खाली काढली. आमच्याकडे सायकल चालवणारे दोनच प्रकारचे लोक. एक, ज्यांना दुसरं काही परवडत नाही. दुसरे, ज्यांना सगळं परवडतं आणि वजन कमी करायचं असतं. दोघांसाठीही रस्ता सारखाच वाईट. कडेला खडी, गटारांवरच्या जाळ्यांच्या फटी अशा की चाक बरोबर आत जाऊन बसावं, आणि खड्डे तर विचारू नका. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर अशाच एका खड्ड्यात ताई आपटली. गुडघा फुटला, चष्मा वाकला. दुसऱ्या दिवशी लंगडत, चुन्याचा डबा घेऊन ती तिथे गेली आणि त्या खड्ड्याभोवती तिने पांढराशुभ्र गोल काढला.

“अगं, लोक काय म्हणतील?” मी म्हणाले.

“चूक दिसली, गोल केला. त्यात काय एवढं?”

तिथून सुरू झालं. चुना टिकावा म्हणून त्यात डिंकाचं पाणी. डबा हँडलला अडकवलेला. कुंचला केरसुणीच्या दांड्याला बांधलेला, म्हणजे सायकलवरून न उतरता, एक पाय टेकून, नुसता हात फिरवला की काम झालं. रोज सकाळी उजाडता उजाडता ती निघायची, सगळ्या मोठ्या रस्त्यांवरून फिरून यायची आणि मगच चहा प्यायची. चुन्याने बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. मी मलम लावायला गेले की वस्सकन अंगावर यायची. तिचा गोल लांबूनही ओळखू यायचा. सुरुवात डावीकडून, आणि मिळताना शेवटाला एक छोटीशी शेपटी. पेन्सिलीची सवय.

हळूहळू चार माणसं जमली आणि त्यांनी ‘सायकल मंडळ’ काढलं. चित्रकलेचे निवृत्त मास्तर होते, दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या, सायकलदुकानदार होता. काम त्यांनी खरंच केलं, खोटं कशाला बोलू. रस्त्यावर आलेल्या फांद्या छाटल्या. नगरपालिकेच्या मागे लागून जाळ्या आडव्या फिरवून घेतल्या. स्टेशनबाहेर सायकली ठेवायला लोखंडी कठडा मिळवला. आणि डॉक्टरीणबाईंचं मोठं स्वप्न होतं ते सायकलींसाठी स्वतंत्र पट्ट्याचं. त्या पट्ट्याबद्दल त्या बोलायला लागल्या की खुर्चीतला पेशंट तोंड उघडं ठेवून ताटकळायचा.

मंडळातल्या बाकीच्यांकडे महागड्या सायकली आणि वर झगमगीत टोप्या. त्या सगळ्यांत ताईला जीव लावला तो एकीनेच, आणि ती मंडळात नव्हतीच मुळी. आमच्या मागच्या गल्लीतली शिंपीण. कपड्यांच्या दुकानांतून काम आणायचं, घरी शिवायचं, पोचवायचं, सगळी पायपीट. चाळिशी उलटल्यावर तिने सायकल शिकायचं मनात घेतलं. नवऱ्याने वेड्यात काढलं. ताईने शिकवली. रिकाम्या मैदानात एक साठीची बाई मागचं सीट धरून धावते आहे आणि पुढे चाळिशीची बाई “सोडू नका ताई, सोडू नका!” म्हणून ओरडते आहे, हे दृश्य बघायला शेजारपाजारचे सगळे गच्चीत जमायचे. ताईने केव्हाच सोडलेलं असायचं.

मैदानातून रस्त्यावर यायची वेळ आली तेव्हा शिंपीण घाबरली. तेव्हा ताई तिला म्हणाली, “हे बघ, पांढरा गोल दिसला की वळायचं. नाही दिसला की बिनधास्त जायचं. तुझ्यापुढे मी फिरून आलेली असते, कळलं?”

माझ्या कानांनी ऐकलेलं वाक्य आहे हे. तेव्हा मलाही ते ऐकून बरं वाटलं होतं.

सायकल आल्यापासून शिंपिणीचा चेहराच बदलला. बाजारातून कापडाचे गठ्ठे मागे बांधून ती घंटी वाजवत यायची, आमच्या फाटकापाशी थांबायची आणि ताईला हाक मारायची. ती तिला ताई म्हणायची. मला जरा खटकायचं, नाही असं नाही; ताई माझी. पण दोघी पायरीवर बसून हसायला लागल्या की मी वरून चहा घेऊनच खाली यायचे.

मग नगरपालिकेतल्या रस्तेखात्याच्या साहेबांना ताईचे गोल आवडले. आवडणारच. खड्डे शोधत हिंडायचा त्यांचा त्रास वाचला. ते घरी आले, चहा प्यायले आणि म्हणाले, “बाई, तुम्ही खूण करा, आम्ही बुजवतो. यालाच लोकसहभाग म्हणतात.” आणि सुरुवातीला खरंच बुजवायला लागले. ताईचा आनंद गगनात मावेना. छापखान्यातले दिवस परत आले होते. तिने वर गोल करायचा, खालच्यांनी दुरुस्त करायचं. फक्त हे खालचे कोण आहेत, याचा विचार तिने केला नाही. आपला गोल पाहून काम करणारे प्रामाणिकच असणार, असं ती धरून चालली.

मंडळाने चौकात पाटी लावायचं ठरवलं. मास्तरांनी ती रंगवली. वरच्या अर्ध्या भागात मोठा पांढरा गोल आणि शेजारी ‘गोल दिसला: सावधान, खड्डा आहे’. खालचा अर्धा भाग रिकामा राहिला. मास्तरांना तो रिकामा भाग बघवेना. चित्र एका बाजूला कलंडल्यासारखं वाटतंय म्हणाले आणि तोल साधायला त्यांनी खाली लिहिलं, ‘गोल नाही: रस्ता मोकळा’. मग पाटी तपासायला ताईकडे आणली. ताईने चष्मा पुसला, पाटी वरपासून खालपर्यंत वाचली, ‘खड्डा’मधला राहिलेला ड घालायला लावला आणि म्हणाली, “आता निर्दोष आहे.”

तो ड नसता तरी कुणाचं काही बिघडलं नसतं.

वर्ष बरं गेलं. मग नगरपालिकेने मंडळाचा सत्कार करायचं ठरवलं. साहेबांचा निरोप आला की सगळ्यांनी सकाळी लवकर नगरपालिकेच्या सभागृहात यावं, नगराध्यक्ष वेळेचे पक्के आहेत. शिंपिणीने मंडळासाठी हौसेने हिरवी बिनबाह्यांची जाकिटं शिवली होती. ताईच्या जाकिटाचा गळा तिला पसंत पडेना, म्हणून आदल्या दिवशी उसवायला परत घेऊन गेली. “ताई, सकाळी थेट सभागृहात घेऊन येते. पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवणार आहे मी,” म्हणाली.

त्या सकाळी ताई फेरीला गेली नाही. सत्काराला चुन्याने माखलेल्या हातांनी कसं जायचं? वर्षात पहिल्यांदाच तिने हात घासून धुतले आणि मी तिच्या पेरांना मलम लावलं. वेळेचे पक्के अध्यक्ष आम्हाला ताटकळत ठेवून सावकाश आले. भाषणं झाली. साहेब माईकवर म्हणाले, “या बाईंच्या गोलावर आमचं खातं डोळे मिटून विश्वास ठेवतं.” टाळ्या पडल्या. ताईला पितळी मानचिन्ह दिलं. पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती आणि ताई फोटो काढताना सारखी दाराकडे बघत होती.

बाजाररस्त्यावर आदल्या संध्याकाळी पाण्याच्या नळासाठी चर खणला होता. नगरपालिकेच्याच माणसांनी खणला, माती लोटली आणि निघून गेले. रात्रीतून माती खचली. शिंपीण घाईत होती, मागे जाकिटाची पिशवी. गोल नव्हता, म्हणून तिने वेग कमी केला नाही. पुढचं चाक चरात गेलं आणि ती उजव्या हातावर पडली, मागून येणारा टेम्पो तिच्या मनगटावरून गेला.

हात वाचला, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांच्या भाषेत वाचणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. हात जागेवर होता. बोटं मिटत नव्हती. सुई धरता येत नव्हती, कात्री तर लांबच. ताई रोज तिच्या उशाशी जाऊन बसायची. शिंपीण काही तिला बोलली नाही. उलट म्हणायची, “तुमचं जाकीट मळलं हो ताई.”

शिंपिणीच्या नवऱ्याने नगरपालिकेकडे तक्रार केली. त्याचं म्हणणं साधं होतं. तुम्ही खणलं, तुम्ही नीट बुजवलं नाही, तेव्हा माझ्या बायकोच्या हाताची जबाबदारी तुमची. चौकशी लागली. मंडळाची घाईघाईने बैठक झाली ती आमच्याच घरी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “वाईट झालंच, पण आपला पट्टा मंजुरीच्या टेबलावर आहे. आता साहेबांशी वाकडं घेऊन चालणार नाही.” मास्तर खाली मान घालून बिस्किटं खात राहिले. चौकशीला मंडळाच्या वतीने कुणी जायचं नाही असं ठरलं. ताईला मात्र साक्षीला बोलावणं आलं होतं. ती जाणार होती, आणि शिंपीण त्याच आशेवर होती. मला म्हणाली, “ताई आहेत ना. त्या सांगतील.”

नगरपालिकेतली ती खोली मी विसरणार नाही. भिंतीला लावलेली प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग, वर घरघरणारा पंखा, टेबलावर काचेखाली कुठल्याशा डोंगराचं चित्र. शिंपीण हात गळ्यात अडकवून बसली होती, शेजारी नवरा. साहेबांनी सरळ हात झटकले. चर बुजवला होता, खचला असेल. आमच्याकडे तक्रार नाही, खूण नाही. मग त्यांनी खिशातून पाटीचा फोटो काढला. “आणि हे बघा, यांच्याच मंडळाची पाटी. गोल नाही: रस्ता मोकळा. आम्ही नाही लिहिलेलं.”

चौकशी अधिकाऱ्यांनी ताईकडे बघितलं. “त्या दिवशी तुमची फेरी झाली होती?”

“नाही.”

“झाली असती तर तो खड्डा तुम्हाला दिसला असता?”

मी मागच्या खुर्चीवर होते. मी मनातल्या मनात ओरडत होते, म्हण ना, सांगता येत नाही म्हण. म्हण की खड्डे बघणं हे माझं काम नाही, यांचं आहे. एवढं एक वाक्य हवं होतं.

ताई विचारात पडली. खरंखुरं उत्तर शोधत होती ती. मग म्हणाली, “दिसला असता.”

“खूण केली असती?”

“केली असती. मी कधी सोडत नाही.”

“मग त्या दिवशी फेरी का नाही झाली?”

“मी इथेच होते. यांनीच लवकर बोलावलं होतं, सत्काराला.”

शेवटचं वाक्य कुणी लिहून घेतलं नाही. साहेबांनी फोटो खिशात ठेवला. स्वयंसेवकांच्या कामात खंड पडल्यामुळे अपघात, असा निकाल लागला आणि नगरपालिका स्वच्छ सुटली. चुना लावला साहेबांनी. हात पांढरे झाले ताईचे.

जिन्यात शिंपीण थांबली. पहिल्यांदाच तिच्या आवाजात धार होती. “तुम्हीच म्हणाला होतात ना, बिनधास्त जायचं? मी गेले. आणि आज तुम्ही त्यांच्या बाजूने बोललात.”

“अगं, मी खरं तेच...”

“खरं!” ती म्हणाली. “माझा हात गेला आणि तुमचं खरं राहिलं.”

नवऱ्याने तिला धरून खाली नेलं. घरी आल्यावर मी ताईवर तुटून पडले. “एकदा, आयुष्यात एकदा खोटं बोलली असतीस तर काय आभाळ कोसळलं असतं? आणि खोटंही नव्हतं ते! खड्डे बुजवणं तुझं काम आहे का? तू काय पगार घेतेस त्यांचा?” ताई पायरीवर बसून होती. म्हणाली, “छापखान्यात एकदा एका पुस्तकात चूक राहून गेली होती. मालकाने विचारलं, कुणाची? मी म्हटलं, माझी. मला तेवढंच येतं गं.” तिच्याशी भांडण्यात काही अर्थच नव्हता. मी वर जाऊन दार आपटलं.

पुढच्या महिन्यात पट्टा मंजूर झाला. हिरवा रंग, पांढरी सायकल काढलेली, फीत कापली, डॉक्टरीणबाई रडल्या. आता त्यावर गाड्या उभ्या असतात. चौकातली पाटीही अजून आहे. नगरपालिकेने तिच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव तेवढं घातलं. ताई पट्ट्याच्या कार्यक्रमाला गेली नाही, पण सकाळची फेरी तिने सोडली नाही. मी अडवलं तर म्हणाली, “लोक माझ्यावर विसंबून चालवतात. आता कशी थांबू?” शिंपिणीच्या गल्लीतून जाताना ती सायकलवरून उतरून चालत जायची. दार बंदच असायचं. सायकल भिंतीला टेकवलेली, चाकांतली हवा गेलेली.

मागच्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी ताई डबा घेऊन निघाली आणि फाटकातच थांबली. बराच वेळ फाटकाचा आवाज आला नाही म्हणून मी वरून डोकावले.

आमच्या फाटकासमोर, जिथे रस्ता चांगला गुळगुळीत आहे, नखाएवढाही खळगा नाही, तिथे पांढरा गोल काढलेला होता. मी खाली धावले. गोल चुन्याचा नव्हता. कापडावर खुणा करायच्या खडूने, पुन्हा पुन्हा गिरवून गिरवून काढलेला. कडेला झिजलेला तिकोनी तुकडा पडला होता. रेघ कुठे जाड, कुठे बारीक, एका जागी तर सुटून परत धरलेली. लहान मुलाने काढावा तसा वेडावाकडा गोल. पेपरवाला आला, त्याने फाटकाकडे बघितलं, गोलाकडे बघितलं आणि सायकल वळवून पलीकडून गेला. त्याच्यामागून शाळेच्या दोन मुली आल्या. त्याही वळल्या.

माझं डोकं भणाणलं. मी आत गेले, बादली भरून आणली. चांगली खरवडून काढणार होते मी ती रेघ, आणि मग मागच्या गल्लीत जाऊन दार वाजवणार होते. ताईने माझं मनगट धरलं.

“राहू दे,” ती म्हणाली.

“राहू दे काय? लोकांना सांगतेय ती की तू...”

“कळलं मला काय सांगतेय ते.” ती त्या वाकड्या गोलाकडे बघत होती. “डाव्या हाताने काढलाय गं. किती वेळ लागला असेल तिला.”